सीताफळाचा पाला आणि एक खरं वाक्य

माझ्या मामाच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण लॅमिनेट करून लावलेलं आहे. त्यात माझा फोटो आहे. पांढरा एप्रन, हातात काचेचं चंबूपात्र, त्यात हिरवंगार पाणी. मथळा असा: ‘सीताफळाच्या पानांत मधुमेहावर औषध, यवतमाळच्या विद्यार्थ्याचे संशोधन’.

त्या पात्रातलं पाणी माझ्या संशोधनातलं नव्हतं. सीताफळाच्या पानांचा खरा अर्क काळपट असतो, गुळाच्या काकवीसारखा चिकट. फोटोत तो डांबरासारखा दिसला असता. फोटोग्राफर म्हणाला, जरा हिरवं काहीतरी घ्या. मग कुठल्याशा दुसऱ्या प्रॅक्टिकलचं रंगीत पाणी मी हातात धरलं. तेव्हा ही फार मोठी गोष्ट वाटली नव्हती, आणि आजही या प्रकरणातली ती सगळ्यात मोठी चूक आहे असं मला वाटत नाही.

मामा घाटंजी तालुक्यात राहतो. सात एकर वावर, कपाशी आणि तूर. सहा वर्षांपासून त्याला शुगर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या फुकट मिळायच्या, तो घ्यायचाही. कात्रण आलं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, त्याने ते तालुक्याच्या गावी नेऊन लॅमिनेट केलं आणि गोळ्या बंद केल्या. रोज सकाळी सीताफळाची सात पानं पेलाभर पाण्यात उकळून प्यायला लागला. आठ महिने. मग एका संध्याकाळी वावरात पऱ्हाटीचा खुंट पायात घुसला. त्याला कळलंच नाही, कारण तळव्यातली संवेदना आधीच गेलेली होती. चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. हळद लावली, फडकं बांधलं. पंधरा दिवसांनी दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर चारशेच्या वर होती आणि उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली.

मामा माझ्यावर रागावला नाही. भेटायला गेलो तर म्हणाला, ‘‘तू तं खरंच लिहिलं होतं ना बाबू. मायंच नशीब.’’

‘खरंच लिहिलं होतं’ हेच मला तेव्हापासून टोचतंय. कारण मी खरोखरच खरं लिहिलं होतं. खोटं बोलून एखाद्याचं नुकसान केलं तर निदान हिशेब सोपा असतो. खरं बोलून झालं, तर तो कुणाच्या नावावर मांडायचा?

आधी ते खरं वाक्य काय होतं ते सांगतो. एम. फार्म.च्या प्रबंधाचा निष्कर्ष म्हणून मी लिहिलं होतं: ‘सीताफळाच्या पानांच्या इथेनॉल अर्कामुळे, स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांच्या रक्तातील साखरेत लक्षणीय घट आढळली.’ आमच्या विषयात अशी वाक्यं शेकड्यांनी लिहिली जातात. कडुनिंबाची पानं, बेलाची, जांभळाची, पेरूची, कढीपत्त्याची. वनस्पतीचं नाव बदला, बाकीचं वाक्य तसंच राहतं. तरीही त्यातल्या प्रत्येक शब्दाला काम आहे.

‘मधुमेही केलेल्या’ म्हणजे आम्ही केलेल्या. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि दोन-तीन दिवसांत निरोगी उंदीर मधुमेही होतो. सहा-सहाचे पाच गट, एकूण तीस उंदीर. एका गटाला काहीच केलं नाही, एकाला आजार दिला पण औषध नाही, एकाला ग्लायबेनक्लामाइड हे नेहमीचं औषध, उरलेल्या दोघांना माझा अर्क, कमी आणि जास्त मात्रेत. एकवीस दिवस रोज सकाळी उंदराला हातात धरून, नळीवाटे थेट जठरात अर्क सोडायचा. ठरलेल्या दिवशी शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा.

मामाचा आजार हा नव्हे. मामाच्या पेशी कुणी एका दिवसात मारल्या नव्हत्या. त्याचं शरीर इन्सुलिनला हळूहळू दाद देईनासं झालं होतं, वर्षानुवर्षं. याला टाइप टू म्हणतात. उंदराचा आजार आणि मामाचा आजार यांचं आडनाव एक आहे, घरं वेगळी आहेत.

मग ‘इथेनॉल अर्क’. वाळलेल्या पानांची भुकटी सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलमध्ये तासन् तास फिरवायची, मग अल्कोहोल उडवून टाकायचं. अल्कोहोलमध्ये जे उतरतं ते सगळं पाण्यात उतरत नाही. जास्तीची मात्रा होती किलोमागे चारशे मिलिग्रॅम. उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना साधारण सहाने भागतात, कारण लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर जाळतं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ चार ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम भुकटीतून दहा-बारा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर तीस-पस्तीस ग्रॅम वाळका पाला लागेल. ओला म्हणाल तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम, ओंजळी भरभरून, रोज. आणि तोही अल्कोहोलमध्ये काढून.

मामा सात पानं पाण्यात उकळून पीत होता. सात का, तर सात शुभ म्हणून. माझ्या वाक्याचा मामाच्या पेल्याशी काही संबंधच नव्हता. हा हिशेब मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला. आठ महिने आधी केला असता तर पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

प्रबंधात एक वाक्य मात्र खरं नव्हतं, तेही सांगायला हवं. प्रस्तावनेत ‘या भागातील आदिवासी या वनस्पतीचा पारंपरिक वापर करतात’ असं वाक्य असावं लागतं. ते असलं की विषयाला वजन येतं. त्यासाठी मी मारेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला अर्धा दिवस दिला, झाडं दाखवली. सीताफळाचं विचारलं तर म्हणाले, बैलाच्या जखमेत किडे पडले की पाला वाटून भरतो. बियांची पूड डोक्यातल्या उवांना, पण डोळ्यांत गेली तर डोळा जातो. शुगरला? ते हसले. ‘‘शुगर आमच्याकडे आत्ता आली,’’ म्हणाले. मी लिहिलं: ‘स्थानिक आदिवासी समाजात या वनस्पतीचा औषधी वापर परंपरेने होतो.’ शब्दशः बरोबर आहे की नाही? औषधी वापर होतोच. बैलाला.

आपल्याकडे अशा वाक्याला नाव आहे: नरो वा कुंजरो वा. हत्ती मेला हे खरं, अश्वत्थामा हे नावही खरं, आणि द्रोणाने शस्त्र खाली ठेवलं हेही खरं. गंमत म्हणजे माझ्या या अर्धवट वाक्याने कुणाचं काही बिघडलं नाही. ते परीक्षकांनीही वाचलं नसावं. ज्या वाक्यात मी तसूभरही लबाडी केली नव्हती, त्याने मामाची बोटं घेतली.

जाता जाता, सीताफळ मुळात अमेरिका खंडातलं झाड आहे असं वनस्पतिशास्त्राची पुस्तकं सांगतात. सीतेचं नाव घेऊन ते आपल्या डोंगरांवर असं बसलंय की त्याला परकं म्हणायची सोय नाही. शेळ्या खात नाहीत म्हणून यवतमाळच्या माळांवर, बांधांवर ते टिकलंय. शेळ्या ते का खात नसतील, हा प्रश्न मला प्रबंध लिहिताना पडला नाही. नंतर वाचलं की सीताफळाच्या कुळात असिटोजेनिन नावाची रसायनं असतात आणि त्यांतली काही मज्जापेशींना विषारी आहेत. १९९९ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पार्किन्सनसारखा, पण त्याच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार तिथे नेहमीपेक्षा जास्त दिसत होता, आणि तो झालेल्यांमध्ये त्याच कुळातलं फळ खाणारे आणि त्याच्या पानांचा काढा पिणारे जास्त होते. ते झाड म्हणजे आपल्याकडचं लक्ष्मणफळ. तेच कारण असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण ‘झाडपाला आहे, अपाय तर नाही ना’ हे वाक्य मी तेव्हापासून तोंडातून काढलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पाला खोटा आणि गोळी खरी? तसं असतं तर मी हा लेख लिहिला नसता, मामाला रागावून मोकळा झालो असतो.

मामा जी गोळी सोडून पाल्याकडे वळला, ती गोळी पाल्याचीच नात आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप होतं. दुभत्या जनावरांना दूध यावं म्हणून ते खाऊ घालत; त्याच्या नावातच दुधाचा ग्रीक शब्द आहे. जास्त खाल्लं तर मेंढ्या मरतही. त्यात ग्वानिडीनच्या जातीची द्रव्यं सापडली, आणि ग्वानिडीनने प्राण्यांची रक्तशर्करा उतरते हे १९१८ मध्ये दिसलं. झाडातलं मूळ द्रव्य गॅलेजिन १९२० च्या दशकात माणसांवर वापरून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण ते विषारी ठरलं. त्याच घराण्यातलं, पण सौम्य असं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, पण मधुमेहाचं औषध म्हणून पुढे यायला त्याला पस्तीस वर्षं लागली. १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेही माणसांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्याचंच भावंड फेनफॉर्मिन बाजारात येऊन गेलं. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावली म्हणून १९७० च्या दशकात बहुतेक ठिकाणी ते बंद झालं. आज ही दोन-तीन रुपयांची गोळी जगभर दिली जाते.

म्हणजे पाल्यात औषध असू शकतं. पण पाला ते गोळी या वाटेवर मेलेल्या मेंढ्या आहेत, सोडून दिलेलं विषारी द्रव्य आहे, बंद केलेलं भावंड आहे, आणि पन्नास-साठ वर्षं आहेत. माझे एकवीस दिवस त्या वाटेवरचं पहिलं पाऊल होतं. कात्रणाने ते मुक्कामाचं ठिकाण करून टाकलं.

आणि आपल्याकडे पहिलं पाऊल टाकून तिथेच उभं राहायची रीत फार जुनी आहे. गुडमार घ्या. ही वेल आमच्या कॉलेजच्या औषधी बागेत होती. तिचं पान चावून वर साखर टाकली की जिभेला ती वाळूसारखी लागते, गोडी पूर्ण गायब. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही हा खेळ दाखवायचो. जिभेवरच्या गोडीच्या ग्राहकांना त्यातली द्रव्यं काही वेळ झाकून टाकतात, त्यामुळे असं होतं. मधुमेहाशी गुडमारचा संबंध आहे का, याचा अभ्यास म्हसकर आणि कायस या दोघांनी १९३० साली भारतीय वैद्यक संशोधनाच्या ग्रंथमालेत छापला. म्हणजे माझ्या पणजोबांच्या काळात. १९९० मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी थोड्या रुग्णांना त्याचा अर्क देऊन पाहिला, पण कोण अर्क घेतंय हे सगळ्यांना माहीत असलेले ते छोटे प्रयोग होते. आज २०२० च्या दशकातही गुडमारवरच्या निबंधाचा शेवट ‘आशादायक’ याच शब्दाने होतो. बिबल्याचं म्हणजे विजयसाराचं थोडं पुढे गेलं. त्याच्या लाकडाचे पेले आपल्याकडे जत्रांमध्ये विकायला असतात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी त्यावर निळसर झाक येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९८ मध्ये त्याची अनेक केंद्रांतली चाचणी प्रसिद्ध केली: नव्याने मधुमेह कळलेले ९७ रुग्ण, त्यांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात. आकडा चांगला आहे. पण त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि नव्याने मधुमेह कळलेला माणूस भीतीने साखर सोडतो, चालायला लागतो, हेही तितकंच खरं आहे. कारल्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला. चार चाचण्या, ४७९ माणसं, आणि निष्कर्ष: काही ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. इतकी शतकं घराघरांत कारल्याचा रस प्यायला जातोय, आणि मोजलेली माणसं ४७९.

पुढचं पाऊल का पडत नाही? पैसा हे एक उत्तर. माणसांवरच्या चाचणीचा खर्च कोण करणार, आणि ज्या पाल्यावर कुणाची मालकी नाही त्यावर का करणार? मालकीचा प्रश्न निघाला की मला हळदीचा खटला आठवतो. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना जुने ग्रंथ आणि निबंध पुरावा म्हणून सादर करून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. शाळेत ही गोष्ट ऐकताना माझी छाती फुगली होती. पण त्या खटल्यातला प्रश्न ‘हे नवीन आहे का’ एवढाच होता. हे जुनं आहे, आमचं आहे, असं आपण सिद्ध केलं. जखम खरंच भरते का, किती भरते, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. आपण मात्र पहिलं उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही लावून टाकतो. जुनं आहे ना? मग गुण येणारच.

मामानेही हेच केलं, असं म्हणून मी सुटू शकतो. पण मामाची बाजू मला माहीत आहे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मामाच्या गावातून दोघांना नेलं होतं. तेव्हापासून त्याच्या तोंडी ‘केमिकल’ या शब्दाला वेगळाच वास आहे. पुण्या-मुंबईचा माणूस ‘नो केमिकल्स’ लिहिलेला शांपू विकत घेतो ती हौस असते. मामाने केमिकलने माणसं मेलेली बघितली आहेत. शिवाय गोळी घ्यायला गेलं की बोलणी बसतात: भात काहून खाल्ला, चहात साखर काहून घातली. गोळी घेणारा कायमचा आरोपी. पाला मात्र त्याच्या बांधावरचा, त्याच्या हातचा, आणि वर घरच्या शिकलेल्या पोराचा. तो मला म्हणाला होता, ‘‘गोळी घेतली का मी बिमार हावो असं वाटते. पाला पेला का मी काईतरी करून रायलो असं वाटते.’’ याला अडाणीपणा म्हणायची माझी हिंमत नाही.

हे तो मला कधी म्हणाला? त्या वर्षी दिवाळीला. काढा सुरू होऊन तीनेक महिने झाले होते. मी त्याच्या ओसरीवर बसलो होतो, समोर पेला होता, मामी कौतुकाने सांगत होती की मामा रोज न चुकता पितात. मी विचारलं, ‘‘गोळ्या?’’ मामा म्हणाला, ‘‘आता गोळ्यायचं काय काम?’’

आणि मी म्हणालो, ‘‘बरं. पण एकदा तपासून घ्या.’’

एवढंच. मला चुकीचं कळलं नव्हतं. मला सगळं कळत होतं. पण भिंतीवर माझं कात्रण होतं, मामी मला करंज्यांचं ताट भरून देत होती, शेजारचे दोघं माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसं बघत होते. तेव्हा ‘मामा, ते फक्त उंदरांवर होतं’ असं म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने तो फोटो उतरवणं होतं. मी नाही उतरवला. ‘तपासून घ्या’ म्हणालो, म्हणजे उद्या काही झालं तर मी सांगितलं होतं असं म्हणायला मोकळा. युधिष्ठिराच्या वेळी निदान शंख दुसऱ्यांनी वाजवले होते.

माझा एक मित्र याच क्षेत्रात आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, तू उगाच स्वतःला खातोयस. संशोधकाचं काम अचूक वाक्य लिहिणं. वाचणाऱ्याने ते कसं वाचलं, पत्रकाराने काय कापलं, मामाने काय उकळलं, याची जबाबदारी घेत बसलास तर कुणी काही लिहूच शकणार नाही. प्रबंधात ‘उंदरांमध्ये’ हा शब्द आहे की नाही? आहे. संपलं.

त्याचं म्हणणं मला बराच काळ पटलं होतं. पण मग आठवलं की हेच वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलंय. २०१७ मध्ये फवारणीच्या मृत्यूंनंतर बरंच बोललं गेलं की मजुरांनी मास्क घातला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, डब्यावर तर लाल त्रिकोण असतो, सूचना छापलेल्या असतात. सूचना होत्याच. मुंगीएवढ्या अक्षरांत, घडी घातलेल्या पातळ कागदावर. आम्ही कॉलेजची पोरं तेव्हा चिडून म्हणायचो की जे माणूस वाचू शकणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, ते छापणं म्हणजे सांगणं नव्हे, ते स्वतःचे हात धुणं आहे. ‘उंदरांमध्ये’ हा माझा शब्द ग्रंथालयातल्या काळ्या बाइंडिंगमध्ये, इंग्रजीत, शंभराहून जास्त पानांच्या शेवटी होता. कंपनीला जी सवलत मी दिली नाही, ती स्वतःला कशी देऊ?

मग काय, लिहूच नये? प्रयोग छापूच नये, लोक गैरसमज करतील म्हणून? यात मला जास्त अपमान दिसतो. मामा मोबाइलवर कापसाचा भाव बघतो, कोणत्या बियाण्याला बोंडअळी जास्त लागते हे मला समजावून सांगतो. ‘उंदराला एका दिवसात मधुमेह करतात, तुमचा तसा नाही’ हे त्याला कळलं नसतं, असं समजायचं काही कारण नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. मला सांगता आलं असतं, आणि मी सांगितलं नाही. माझ्या मित्राचं आणि माझं इथेच पटत नाही. वाक्य खरं आहे की नाही, हे तो वाक्यात शोधतो. मला वाटतं ऐकणारा कोण आहे हे माहीत झालं की वाक्याचं काम बदलतं. प्रबंधाच्या परीक्षकासमोर माझं वाक्य पुरेसं होतं. ओसरीवर, पेल्यासमोर, तेच वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि उरलेलं अर्धं जवळ असणारा तिथे मी एकटाच होतो.

मित्राचा एक मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. तो म्हणतो, मामा तुझा म्हणून तुला दिसला. तेच कात्रण वाचून अजून किती जणांनी पाला उकळला असेल, ते कुठे आहेत? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी कुणाकुणाच्या ओसरीवर जाऊन बसणार तू? याला माझ्याकडे उत्तर नाही. मी घरच्या ग्रुपवर एक मोठा मेसेज टाकला: ते संशोधन उंदरांवर होतं, पाला पिऊन गोळ्या सोडू नका, मामांचं असं असं झालं. एक अंगठा आला, दोन नमस्कार आले. साधारण दोन महिन्यांनी तेच कात्रण दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं: जास्तीत जास्त शेअर करा, एखाद्या गरिबाचं भलं होईल.

सध्या मी यवतमाळात एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणी विचारतंच: गुडमारची पावडर आहे का, जांभळाच्या बियांची आहे का, सीताफळाचा पाला चालते का. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी डब्यांवर काय काय लिहिलेलं असतं ते मी रोज बघतो. मी लांबलचक सांगतो. गोळी सोडू नका. पाला घ्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून घ्या, कारण दोन्हींनी मिळून साखर एकदम खालीही जाऊ शकते. पाय रोज बघा, वावरात बूट घाला. काही जण ऐकतात. काही जण पहिल्या वाक्यानंतर गाडीची किल्ली खिशातून काढतात. त्यांना बहुतेक ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं.

मामा आता गोळ्या घेतो, रात्री इन्सुलिन टोचतो. ग्लुकोमीटर मी घेऊन दिलंय, तो आकडे वहीत लिहितो, तुरीच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर. एकदा त्याने विचारलं, ‘‘तुया उंदरायचं मग काय झालं? त्यायची शुगर तं उतरली होती ना?’’ मी सांगितलं की एकविसाव्या दिवशी सगळे मारले, स्वादुपिंड काढून तपासायला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘अन् ते कोनाच्या कामी आले?’’ प्रबंध ग्रंथालयात आहे, असं मी म्हणालो. त्यानंतर त्या पालावर पुढचं काम कुणी केलेलं नाही.

कात्रण अजून भिंतीवर आहे. काढा म्हटलं तर मामी म्हणते, पोराचा फोटो हाये, राहू द्या.

या वर्षी दसऱ्यानंतर त्याने नेहमीसारखी सीताफळांची टोपली एसटीने पाठवली. रात्री फोन आला. बांधावरचं मोठं झाड यंदा लय लदलंय, रोज पिकलेली पडतात, मी एक खाऊ का?

मी विचारलं, आज जेवणाआधी किती होती?

त्याने वही आणली, आकडा सांगितला. मी म्हणालो, अर्धं खा, आणि दोन तासांनी पुन्हा बघा.

‘‘अर्धं म्हंजे केवढं?’’ तो म्हणाला. ‘‘आमची सीताफळं काही सारखी नसतात.’’